मैनाराणीची पाठराखीण

"एवढ्यात उतरू नका हो बाई. आधी पाणी घालू दे," असं म्हणून एका बाईनं टेम्पोच्या पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. दुसरीनं खिडकीतून हात आत घालून माझ्या तोंडावरून भाकरतुकडा ओवाळला आणि लांब टाकून दिला. तिसरी निरांजन घेऊन टेम्पोच्या मागच्या बाजूला धावली, आणि तिथं माझा जीव गेला. मागं लाकडी खोक्यात, कापूस आणि मेणकागदात गुंडाळलेली सात फुटी मैनाराणी होती. मेणकागद पेटायला कितीसा वेळ लागतो?

"ताई, निरांजन लांब धरा," मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "लांबूनच ओवाळा. पोचतं सगळं तिला."

"तुम्ही गप बसा हो. तुम्ही पाठराखीण आहात," ती म्हणाली. "पाठराखणीनं मध्ये बोलायचं नसतं."

घ्या. फाईन आर्टची पदवी, वर दोन वर्षं संग्रहालयशास्त्र, मुंबईत पाच वर्षं नोकरी, आणि एकतिसाव्या वर्षी जांभुळगडच्या संस्थानी चित्रसंग्रहालयाची डायरेक्टर झाले ती एका तैलचित्राची पाठराखीण म्हणून टेम्पोत बसायला. माझ्या मांडीवर तोवर दोन नारळ, एक खण आणि साखरेची पुडी येऊन पडली होती. पुढं बँड होता. त्यांना लग्नातली तीनच गाणी येत होती आणि ती तिन्ही ते एकदम वाजवत असावेत असा मला संशय आहे. वेशीपासून संग्रहालय चालत दहा मिनिटांवर. आम्हाला सव्वा तास लागला. ड्रायव्हर मुंबईचा होता. तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, खोक्यात कोण आहे नक्की?"

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी हसू येईना, कारण खोक्यात काय आहे ते त्या दीडदोनशे बायकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

हा सगळा घोळ माझाच. आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले तेव्हा संग्रहालयात बघण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक मैनाराणीचं चित्र आणि दुसरे गुरवमामा. दत्तोबा गुरव हे आमचे हेड पहारेकरी. वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या, आणि संग्रहालय म्हणजे देऊळच अशी त्यांची पक्की समजूत. सकाळी दार उघडताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचे. मैनाराणी ही संस्थानची शेवटची राणी. राजे तरुणपणीच गेले, पुढं वीस वर्षं कारभार हिनं पाहिला. गावातल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात राणीकडून खण जायचा. चित्र मात्र राजे हयात असतानाचं, असं सगळे सांगत. ठसठशीत कुंकू, गळ्याशी घट्ट ओढलेला पदर, आणि त्यावर साठेक वर्षांची काजळी. मला ती काजळी बघवेना. नवी सून घरात आली की पहिल्यांदा माळा साफ करायला घेते, तसं माझं झालं. श्रावणात चित्र उतरवलं आणि स्वच्छ करायला मुंबईला पाठवून दिलं. कुणाला विचारलं नाही. डायरेक्टरनं कुणाला विचारायचं?

मग एका सकाळी गुरवमामा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, नवरात्र तोंडावर आलं. शुक्रवारी बायका वटी भरायला येत्यात. नव्या सुना तर समद्याच. राणीसाहेब न्हाईत म्हटल्यावर काय सांगायचं?"

"कुणाची ओटी?"

"मैनाराणीची. दरसालचं हाय की."

मी कपाळाला हात लावला. संग्रहालयात तांदूळ, खोबरं, हळद. तांदळाला किडे, खोबऱ्याला उंदीर, आणि हळदीचा डाग कशानंही जात नाही. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"म्हटलं, राणीसाहेब म्हायेरी गेल्यात. नवरात्रात येत्यात."

झालं. गावानं ते मनावर घेतलं. बायका रस्त्यात थांबवून मला विचारायला लागल्या, राणीसाहेबांना माहेरी बरं वाटतंय ना, कधी निघणार, कोण आणायला जाणार. आणायला अर्थात मीच जाणार होते.

हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये कारखानीस सर होते. सर हायस्कूलचे हेडमास्तर आणि आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. ट्रस्टच्या सभासदांनी टुमणं लावलं होतं की संग्रहालयात कुणी फिरकत नाही, तो मोठा हॉल मंगल कार्यालयाला देऊन टाकावा. चित्रं गुंडाळून वरच्या खोलीत ठेवावीत. आणि मी? मला वरच्या खोलीची डायरेक्टर करायला त्यांची हरकत नव्हती.

"सर, नवरात्रातल्या शुक्रवारी चार वाजता सभा ठेवा," मी सरांना म्हटलं होतं. "सगळ्यांना बोलवा आणि हॉल किती भरतो ते दाखवा. नाही भरला तर मी स्वतः अक्षता वाटते."

मोठ्या तोंडानं बोलून बसले. ओटीला नावं ठेवणारी मी, आता माझी सगळी भिस्त ओटीवर होती. आणि शुक्रवारच्या आधी दोन दिवस मुंबईला चित्र ताब्यात घ्यायला गेले, तर चित्र स्वच्छ करणाऱ्या नर्गिसबाईंनी मला भिंगासमोर उभं केलं.

"बघ, खाली तारीख निघाली," त्या म्हणाल्या. "आणि कपाळावरचं ते कुंकू बोळा फिरवताच निघून आलं. ते मूळचं नव्हतंच. कुणीतरी नंतर घातलंय, तेही पाट्या रंगवायच्या रंगानं."

तारीख राजे गेल्यानंतर दोन वर्षांची होती. कोऱ्या कपाळाची मैनाराणी माझ्याकडं पाहत होती. काजळी गेल्यावर इतकी तरुण दिसत होती की माझ्यापेक्षा लहानच वाटली. चाळीस वर्षं गावातल्या सवाष्णी नवरात्रात हिची ओटी भरत होत्या, आणि चित्रातली ही तर विधवा. कळलं तर पुन्हा पाऊल ठेवतील का संग्रहालयात? नर्गिसबाईंनी चित्रावर नवी जाड काच बसवून दिली. त्याच रात्री मी सरांना ट्रंककॉल लावून सगळं सांगितलं. अध्यक्षांना अंधारात ठेवणं बरं नव्हे. कॉलची तीन मिनिटं संपता संपता सर फक्त एवढं म्हणाले, "मी बघतो काय करता येतं ते."

त्यांनी काय केलं ते शुक्रवारी कळलं. बायकांना व्हरांड्यात थांबवून आम्ही हॉलचं दार आतून लावून घेतलं. गुरवमामा आणि दोन हमालांनी मैनाराणीला तिच्या जागी चढवलं, हमाल मागच्या दारानं गेले, आणि सरांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं.

"हे काय, सर?"

"टिकल्या," सर खालच्या आवाजात म्हणाले. "तीन मापांच्या आणल्यात. तालुक्याच्या गावी जाऊन आणल्या. दुकानदारानं मला काय काय विचारलं ते मी तुम्हाला सांगणार नाही."

मला हसू आवरेना. हसू दाबता दाबता मला उचकी लागली ती थांबेचना. सर एक डोळा मिटून, हात लांब करून, पाटाएवढी एक टिकली मैनाराणीच्या कपाळाच्या रोखानं धरून पाहत होते.

"ही जरा मोठी होतेय का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"सर, चित्राला गोंद लावायचा नाही."

"चित्राला कुठं? काचेला लावू. काचेला काय होतंय?"

"काचेला काही होत नाही. पण बायकांना काय सांगायचं?"

"काही सांगायचंच नाही. तीच तर सोय आहे." सर माझ्या जवळ आले. "अहो, बाहेर दोनशे बायका आहेत. चार वाजता सभासद येतील, भरलेला हॉल बघतील आणि विषय संपेल. तुमची नोकरी राहील, संग्रहालय राहील. एका टिकलीचा तर प्रश्न आहे."

खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. क्षणभर कसला, चांगला मिनिटभर केला. टिकली मधल्या मापाची घेतली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"सर," मी म्हटलं, आणि मध्येच उचकी दिली. "संग्रहालयानं एवढंच करायचं असतं. समोर जे आहे ते काय आहे, हे लोकांना खरं सांगायचं. तेवढंही करायचं नसेल तर मंगल कार्यालय काय वाईट? तिथं निदान जेवायला तरी मिळतं."

"आणि बायका निघून गेल्या म्हणजे?"

"मग मी पण जाईन. पाठराखीण आहे मी."

सर मटकन बाकावर बसले. मी गुरवमामांकडं पाहिलं. ते शिडीला टेकून उभे होते.

"मामा, तुमचं काय म्हणणं?"

"माजं काय असणार," ते म्हणाले. "तुमी सांगा खरं. बगू की काय व्हतंय." पण आवाज कसा तरीच लागला होता, आणि मला वाटलं, म्हातारा घाबरला.

मी दार उघडलं.

बायका आत आल्या त्या हसत-खिदळत, एकमेकींना ढकलत. नव्या सुना पुढं, त्यांना पुढं करणाऱ्या सासवा मागं. प्रत्येकीच्या हातात खण, नारळ आणि तांदळाची वाटी. मी चित्राच्या पुढं उभी होते, माझ्यामागं पांढरी चादर टाकलेली मैनाराणी. सगळ्यात मागं, दाराबाहेर, कारखानीस सरांच्या मोठ्या बहीण गोदाक्का होत्या. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला तेव्हा त्या अठराच्या होत्या. तेव्हापासून माहेरीच. आई-वडील गेल्यावर सरांना लहानाचं मोठं त्यांनीच केलं. विधवा बाई अशा दिवशी आत येत नाही, म्हणून त्या उंबऱ्याबाहेर पिशवी धरून उभ्या होत्या. कुणाच्या तरी चपला सांभाळत असाव्यात असं मला वाटलं.

"बायांनो," मी सुरुवात केली आणि उचकी लागली.

"माहेरचं कुणी आठवण काढतंय," एकजण म्हणाली, आणि हॉलभर हशा पिकला.

"तुमच्या राणीसाहेबांना मी न विचारता घेऊन गेले, ती माझी चूक. आता परत आणल्यात. पण एक सांगायचंय. ऐकून कुणाला निघून जायचं असेल तर मी अडवणार नाही." मग मी जे होतं ते सांगितलं. तारीख सांगितली. कुंकू नंतरचं होतं आणि कापसाच्या बोळ्याबरोबर निघून आलं, हे सांगितलं. "हे चित्र काढलं तेव्हा राजे गेलेले होते," मी म्हटलं, आणि चादर ओढली.

उचकी थांबली ती तिथंच.

मग पुढची एक सासू सुनेच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागं ओढायला लागली. तिच्या शेजारची दुसरी. वाटीवर पदर ओढला गेला. माझ्या डोळ्यांसमोर हॉलमध्ये पंगती मांडल्या जात होत्या. मी सरांकडं बघितलं, सर जमिनीकडं बघत होते.

"मला जरा आत येऊ द्या," दारातून आवाज आला.

गोदाक्का आत येत होत्या. बायका बाजूला झाल्या, कुणी आदरानं, कुणी अंग चोरून. त्या थेट चित्रापाशी आल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

"हिचं कुंकू गेलं म्हणता?" त्या म्हणाल्या. "जाईल नाही तर काय. हलक्या रंगाचं होतं. दत्तू, किती वर्षं टिकलं रे?"

"एकुणचाळीस," गुरवमामा म्हणाले.

"मामा?" मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"शिडी मीच धरली व्हती, बाईसाहेब," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं बघेनात.

"राणीसाहेब गेल्या त्या वर्षीची गोष्ट," गोदाक्का बायकांकडं वळल्या. "तुमच्या सासवांना विचारा, वीस वर्षं गावातल्या एकेका पोरीला हिनं खण पाठवला. पण हळदीकुंकवाला हिला कधी कुणी बोलावलं? आपल्याच हवेलीतल्या हळदीकुंकवात ही मागच्या खोलीत बसायची. मी विधवा होऊन आले तेव्हा मला भेटायला आली होती. म्हणाली, गोदा, मागच्या खोलीत माझ्या शेजारी जागा आहे. ये बस. दीड वर्ष आम्ही दोघी बसलो तिथं. खूप हसायचो. मग ती गेली."

"अक्का," सर उठून उभे राहिले, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तू चौथीत होतास, विनू. तुझे पाढे घेऊ की हे सांगू?" त्या पुन्हा बायकांकडं वळल्या. "पाट्या रंगवणाऱ्याकडून मी वाटीभर लाल रंग आणला. म्हटलं, जिवंतपणी कुणी लावलं नाही, आता कोण अडवतंय? शिडीवर चढले आणि लावलं. नवरात्रातलाच शुक्रवार होता. दुसऱ्या वर्षी कुणीतरी ते बघून नारळ ठेवला. मग तुम्ही सुरू झालात. चाळीस वर्षं तुम्ही जे कुंकू पुजताय ना, ते माझ्या हातचं आहे. त्यानं तुमचं कुणाचं काही वाईट झालं का, ते तुम्हीच सांगा."

मागून एक जाडजूड बाई, बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारी, म्हणाली, "माझं तर चांगलंच झालं बाई. जुळे झाले."

आधी एक हसली, मग दोघी, मग सगळा हॉल. हसणं कुठून सुरू झालं आणि रडणं कुठून, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी स्वतः दोन्ही करत होते.

"बाई," गोदाक्का मला म्हणाल्या, "आता तुम्ही डायरेक्टर. कपाळ असंच ठेवायचं की काय करायचं, तुम्ही सांगा. तुमच्या चित्राला परत रंग फासणार नाही मी."

मला विचार करायला वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांत इतक्या झटपट मी दुसरा निर्णय घेतलेला नाही.

"चित्र आहे तसंच राहील," मी म्हटलं. "खाली पाटी लागेल, तिच्यावर हे सगळं लिहिलेलं असेल, तुमच्या नावासकट. पण वर काच आहे. काच माझी आहे. काचेवर कुंकू लावायला माझी हरकत नाही. शुक्रवारी लावायचं, शनिवारी मामा पुसतील. पहिल्यांदा गोदाक्का लावतील."

पुढच्या ज्या सुनेला सासूनं मागं ओढलं होतं, ती पोरगी, जेमतेम विशीतली, सासूचा हात सोडवून पुढं आली आणि तिनं आपला कुंकवाचा करंडा गोदाक्कांच्या हातात दिला. थोड्या वेळानं सासूनं वाटीवरचा पदर काढला.

चित्र उंचावर होतं. मामा शिडी घेऊन आले आणि पाय पसरून धरायला लागले, तेवढ्यात सर पुढं झाले.

"द्या इकडं," सर म्हणाले.

"तुमास्नी जमायचं न्हाई, सर."

"माझी बहीण आहे. मी धरतो."

एकोणसाठ वर्षांच्या गोदाक्का पदर खोचून चढल्या. चौथ्या पायरीवर शिडी जरा हलली तशा वरूनच म्हणाल्या, "विनू, लक्ष कुठंय? घट्ट धर." हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी आणि कपाळानं शिडी दाबून धरली. अक्कांनी काचेवर बोट टेकवलं, गोल गोल फिरवलं, आणि बऱ्याच वेळानं उतरल्या.

मग झालं असं की त्या चढल्या म्हटल्यावर खालून ओटी ठेवून जायला एकही बाई तयार होईना. नव्या सुना चढल्या, सासवा चढल्या, भांड्यांच्या दुकानवाल्या चढल्या तेव्हा शिडीला मामांनीही हात दिला. नारळ-तांदळासाठी मी व्हरांड्यात घंगाळं ठेवून दिलं आणि किड्यांचा विचार सोमवारवर टाकला. बायकांची रांग हॉलमधून, पायऱ्यांवरून, फाटकाबाहेर गेली. बँडवाल्यांना कुणीतरी परत बोलावून आणलं होतं. चार वाजता सभासद आले ते दाराशीच अडकले, त्यांना आत शिरता येईना. त्यातल्या दोघांच्या बायका रांगेत होत्या आणि त्यांनी नवऱ्यांना पिशव्या धरायला लावल्या. सभा झालीच नाही, कारण अध्यक्ष शिडी सोडायला तयार नव्हते.

मी त्या संग्रहालयात सत्तावीस वर्षं डायरेक्टर होते. किती प्रदर्शनं भरवली, किती मंत्र्यांनी फिती कापल्या, काही आठवत नाही. आठवतात ते सर, कोट काढलेले, घामानं भिजलेले. साडेपाच वाजले, रांग संपली, काच लालभडक झाली होती. ते अजून शिडी धरूनच उभे होते.

"सर, सोडा आता," मी म्हटलं. "मामा शिडी घेऊन जातात."

"थांबा हो जरा," सर म्हणाले. "शेजारच्या काशीकाकू यायच्यात. काका गेल्यापासून तीस वर्षांत त्यांना कुणी असं कुठं बोलावलंच नाही. मी रिक्षा पाठवलीय."